विस्तव बाहेर, ऊब आत : हिमालयातील घरे तापवण्याचा इतिहास

दर हिवाळ्यात काश्मीर आणि लडाखमधून एक बातमी येते : बंद खोलीत शेगडी पेटती ठेवून झोपलेली माणसे सकाळी उठली नाहीत. बातमी चार ओळींची असते. तिच्यामागचा इतिहास काही शतकांचा आहे. लाकडाची ऊब घरात यावी, धूर मात्र येऊ नये, या एका प्रश्नाला पहाडी समाजांनी अनेक उत्तरे शोधली. प्रत्येक उत्तराची किंमत वेगळी होती.

सर्वांत स्वस्त उत्तर म्हणजे काश्मीरची कांगडी. काटक्यांच्या विणीत बसवलेले मातीचे भांडे, त्यात निखारे, आणि ते सारे फेरनच्या आत, पोटाशी धरलेले. खोली तापवण्याऐवजी थेट शरीरच तापवायचे, ही कल्पना इंधनाच्या दृष्टीने अत्यंत काटकसरीची आहे. परंतु १८६५ मध्ये काश्मीरला आलेले मिशनरी डॉक्टर विल्यम एल्मस्ली यांना रुग्णांच्या पोटावर आणि मांड्यांवर त्वचेचा कर्करोग वारंवार आढळू लागला. १८६६ मध्ये त्यांनी त्याचा संबंध कांगडीशी जोडला. पुढे श्रीनगरच्या मिशन रुग्णालयातील अर्नेस्ट नेव्ह यांनी अनेक वर्षे या रुग्णांचा अभ्यास केला. लंडनच्या पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये धुराडी साफ करणाऱ्या मुलांच्या कर्करोगाचे मूळ काजळीत शोधले होते. राहणीतील सवय आणि कर्करोग यांचे नाते दाखवणाऱ्या आरंभीच्या नोंदींत काश्मीरच्या या नोंदीचेही स्थान आहे.

दुसरे उत्तर बुखारीचे. फारसीत ‘बुखार’ म्हणजे वाफ. पत्र्याची किंवा बिडाची ही भट्टी खोलीतच असते, पण तिचा धूर नळीवाटे छपरावर जातो. नळीतील तप्त वायू बाहेरच्या थंड हवेपेक्षा हलका असल्याने वर चढतो आणि भट्टीत ताजी हवा ओढली जाते. नळी जितकी उंच आणि आतील वायू जितका तप्त, तितका हा ओढा जोरकस. लाकूड ओले असेल, तर उष्णतेचा मोठा वाटा त्यातील पाणी उडवण्यातच खर्च होतो. धूर लवकर निवतो आणि नळीच्या आतून डांबरासारखा थर बसत जातो. ओढा मंदावतो, आणि जो वायू बाहेर जायचा तो खोलीत रेंगाळतो.

हा वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. क्लोद बेर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्याची रक्तावरील ही क्रिया उलगडली. लेहसारख्या सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील गावात हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो. म्हणून तिथे शरीर आधीच कमी ऑक्सिजनवर चाललेले असते. अशा ठिकाणी स्वस्तात घेतलेली जुनी बुखारी म्हणजे केवळ जुने लोखंड नव्हे. तिच्या पत्र्याला पडलेले भोक, नळीचा सैल सांधा किंवा नीट न मिटणारे दार यांचा हिशेब रक्तात मांडला जातो.

तिसरे उत्तर हमामचे. काश्मिरी हमामात दगडी फरशीखाली पोकळी असते आणि लाकडे बाहेरच्या बाजूने सारली जातात. धूर फरशीखालून फिरून बाहेर पडतो. फरशी तापते आणि विस्तव विझल्यावरही कित्येक तास ऊब देत राहते. रोमन स्नानगृहांतही हेच तत्त्व होते. येथे विस्तव आणि श्वास पूर्णपणे वेगळे झाले. मात्र दगडाचा एवढा मोठा साठा तापवायला लाकूडही भरपूर लागते. म्हणून हमाम मशिदींत आणि सुखवस्तू घरांत राहिला, तर गरिबाच्या वाट्याला कांगडी आली.

विस्तव बाहेर नेल्याने धूर नाहीसा होत नाही, तो केवळ दुसऱ्याच्या अंगणात जातो. अमेरिकेच्या थंड राज्यांत अंगणातील भट्टीत पाणी तापवून ते नळांवाटे घरात खेळवण्याची पद्धत रुजली, तेव्हा शेजाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या. तेथील पर्यावरण संस्थेने २०१५ मध्ये अशा भट्ट्यांच्या धुरावर देशव्यापी मर्यादा घातल्या. पण त्या नव्याने बनणाऱ्या भट्ट्यांसाठी होत्या. आधीच बसवलेल्या भट्ट्या मागे उरल्या. तंत्रज्ञानाच्या इतिहासात हे वारंवार घडते : नियम नव्या यंत्रापासून सुरू होतो, जुने यंत्र मात्र हातोहात फिरत राहते.

चौथे उत्तर विस्तवच टाळण्याचे. दक्षिणेकडील जाड, काळी भिंत आणि तिच्यापुढे काच, अशी रचना एडवर्ड मोर्स यांनी १८८१ मध्ये पेटंटबद्ध केली. फ्रान्सच्या फेलिक्स त्रोंब यांनी ती १९६०च्या दशकात पुन्हा पुढे आणली. कडक थंडीतही स्वच्छ ऊन मिळणाऱ्या लडाखमध्ये ती चांगलीच रुजली. सीमेवरील जवानांसाठी संरक्षण संशोधन संस्थेने तयार केलेले ‘हिम तापक’ हे उपकरण २०२१ मध्ये बातम्यांत आले, तेव्हाही केरोसीनच्या बुखारीतून होणाऱ्या विषबाधेपासून बचाव हाच त्याचा मुख्य उद्देश सांगितला गेला.

या चार उत्तरांपैकी एकही पूर्णपणे कालबाह्य झालेले नाही. एकाच गल्लीत कांगडी, बुखारी आणि हमाम आजही शेजारी नांदतात. कोणाला कोणते मिळेल, हे विज्ञानापेक्षा खिसाच अधिक ठरवतो. त्या चार ओळींच्या बातमीत सहसा नसते ते एवढेच.