लोखंडी गडी

भाईंदरच्या पश्चिमेला राई, मुर्धे, मोर्वा ही आमची आगरी गावं. उत्तरेला वसईची खाडी, पलीकडे डोंगरी-उत्तनचा रस्ता, आणि मधे खाजण, मिठागरं, भाताची खाचरं. या गावांत जपान दोनदा आला असं मी म्हणतो तेव्हा आमची पोरं हसतात. पण तो आला होता.

पहिल्यांदा आला तो शेतात. 1953 साली सरकारनं देशभर जपानी पद्धतीच्या भातशेतीची मोहीम काढली. तिचे सुरुवातीचे प्रयोग आमच्यापासून तीन स्टेशनं पलीकडे, बोरिवलीच्या कोरा केंद्रात झाले होते. गादीवाफ्यावर रोपं करायची, बियाणं थोडं वापरायचं, दोरी धरून ओळीत लावणी करायची, खत भरपूर घालायचं, मधली कोळपणी चुकवायची नाही. माझे वडील दोरीला हसायचे. म्हणायचे, "भात काय कवायत करणार हाय?" पण गादीवाफा त्यांनी उचलला तो कायमचा.

दुसऱ्यांदा जपान आला तो टीव्हीतून. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. आमच्या आळीत संच यायला पुढं बरीच वर्षं लागली. मुंबईला नोकरी करणाऱ्या एका शेजाऱ्यानं तो आणला, पोस्टात त्याचा परवाना काढला, आणि त्याच्या ओटीवर आम्ही पायरीपर्यंत बसू लागलो. बाप्ये मंडळी 'आमची माती आमची माणसं' बघायची, बाया सिनेमा बघायच्या, आणि ऐंशीच्या दशकात पोरांना 'जायंट रोबॉट' मिळाला.

मी काही तेव्हा पोरगा नव्हतो. दहावी होऊन शेतीला लागलो होतो. लहान होता तो माझा धाकटा भाऊ. त्याला बोट धरून न्यायचं निमित्त, आणि मीच पुढं सरकून बसायचो. आम्ही त्याला कार्टूनच म्हणायचो, पण ते चित्रांचं कार्टून नव्हतं. त्यात खरी माणसं होती आणि रोबॉटच्या पोशाखातही माणूसच होता. एक शाळकरी पोरगा, मनगटावर घड्याळ, घड्याळात बोलला की डोंगराएवढा लोखंडी गडी आकाशातून उडत यायचा. डोकं मिसर देशातल्या पुतळ्यासारखं, बोटांतून सुटणारे अग्निबाण. समुद्रातून राक्षस निघायचे, हा त्यांना आडवं करायचा. भाषा कळत नव्हती. कुस्ती कळत होती, तेवढं पुरे होतं.

एकदा वडीलही येऊन टेकले. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "यो गडी आपल्याला मिलला तं उधानाला बांधावर उभा केला असता." सगळी ओटी हसली. पण ज्यानं अमावास्येच्या रात्री बांधाला खांड पडलेली बघितली आहे आणि छातीभर पाण्यात उभं राहून चिखलाची ढेकळं लावली आहेत, त्याला ते हसण्यावारी नेता येत नाही.

मागच्या पावसाळ्यात नातवाच्या मोबाइलवर ही मालिका सापडली. सव्वीसच्या सव्वीस भाग आम्ही दोघांनी पाहिले. नातू पहिल्याच दिवशी म्हणाला, "आजोबा, बिल्डिंगी पुठ्ठ्याच्या आहेत, दोऱ्यासुद्धा दिसतात." दिसतात खऱ्या. पण तेव्हा मला न दिसलेल्या दुसऱ्याच गोष्टी आता दिसल्या.

पहिली गोष्ट अशी, की तो रोबॉट कुणी हौसेनं केलेला नाही. दुष्टांच्या टोळीनं एका शास्त्रज्ञाला कैदेत ठेवून, जबरदस्तीनं तो बनवून घेतलेला असतो. घड्याळात ज्याचा आवाज पहिल्यांदा जाईल, त्याचंच रोबॉट ऐकणार. तो आवाज योगायोगानं पोराचा जातो. नाहीतर तेच लोखंड, तेच अग्निबाण, गावावर चालून आले असते.

ही कल्पना मित्सुतेरू योकोयामा या चित्रकाराची. जपानात मालिका 1967-68 साली दाखवली गेली. योकोयामा 1934 साली कोबे शहरात जन्मले. 1945 च्या विमानहल्ल्यांत ते शहर जळालं तेव्हा ते दहा-अकरा वर्षांचे असतील. त्यांनी 1956 साली सुरू केलेल्या 'तेत्सुजिन 28' या चित्रकथेतही असाच लोखंडी माणूस आहे. तो युद्धासाठी बनवलेला, आणि दूरनियंत्रणाचा डबा ज्याच्या हाती त्याचा नोकर. डबा चोराच्या हाती गेला की तो चोराचा. ज्या पोरानं आपलं गाव आकाशातल्या यंत्रांनी जळताना ऐकलं-पाहिलं, त्याला यंत्र चांगलं की वाईट हा प्रश्न पडला नसावा. डबा कुणाच्या हाती, हा पडला असावा, असं मला वाटतं.

रोबॉट हा शब्दही तपासून घेतला. कारेल चापेक या चेक लेखकानं 1920 सालच्या नाटकात तो पहिल्यांदा वापरला. त्यांच्या भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठ. जमीनदाराच्या शेतात फुकट राबायचं ती. आपण त्याला यंत्रमानव असं गोड नाव दिलं, पण मूळ अर्थ वेठीचा गडी. हे वाचलं तेव्हा मला आमचे मिठागरातले लोक आठवले. पायाला मिठाच्या भेगा, डोक्यावर पाट्या, आणि माल दुसऱ्याचा.

आमच्या गावात यंत्र आलं ते ऐंशीच्या दशकातच. 1985 साली मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली, 2002 साली महानगरपालिका. 2001 च्या जनगणनेत इथं 5 लाख 20 हजार माणसं होती, दहा वर्षांनी 8 लाख 9 हजार. एवढ्या माणसांना घर लागतं, हे मला मान्य आहे. मुंबईत खोली न परवडणारा माणूस इथं येणार नाही तर कुठं जाणार? पण घरं उभी राहिली ती रानावर, खाजणावर, खाचरांवर. आधी डंपर यायचे, भराव पडायचा, मग जेसीबी तो सपाट करायचा. ज्याचं शेत भरलं त्याच्या शेजाऱ्याचं शेत आपोआप खड्ड्यात गेलं.

याचं कारण सांगतो, कारण शहरातल्या वाचकाला ते ठाऊक नसतं. खाडीच्या बांधाला उघाडी असते. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानं तिचं दार बंद होतं, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तेच दार ढकलून बाहेर जातं. तिला ना वीज लागते ना घड्याळ. मृगाच्या पावसानं जमिनीतलं मीठ धुऊन याच वाटेनं जातं, तेव्हा कुठं लावणी होते. मधे भराव पडला की पाणी उघाडीपर्यंत पोचतच नाही. भात कुजतो, आणि मग शेत 'पडीक' ठरतं. पडीक ठरलेलं शेत विकायला माणूस किती दिवस नाही म्हणणार?

माझ्या धाकट्या भावानं त्याचा वाटा असाच दिला. त्याच्यावर माझा राग नाही. त्याच्या खाचरात तीन वर्षं गुडघाभर पाणी होतं, आणि मुलीचं शिक्षण थांबणार नव्हतं. आज तिथं सात मजले आहेत. पुठ्ठ्याचे नाहीत.

शेवटच्या भागात शत्रूचा सम्राट पर्वताएवढा होतो. त्याच्या अंगात अणुशक्ती भरलेली, मारला तर पृथ्वीच फुटेल. तेव्हा रोबॉट कुणाच्या हुकमाशिवाय त्याला कवेत घेऊन आकाशात जातो. पोरगा घड्याळात ओरडत राहतो, परत ये, परत ये. रोबॉट पहिल्यांदाच ऐकत नाही. उल्केवर जाऊन दोघंही संपतात. भाऊ लहानपणी इथं हमसून रडला होता. या वेळी नातू गप्प झाला. मग म्हणाला, "त्याला कसं कळलं?"

मला उत्तर देता आलं नाही. खरी यंत्रं असं करत नाहीत. जेसीबी आपण होऊन खाजणापाशी थांबत नाही. ज्याचा हुकूम आधी पोचला, त्याचं काम तो करतो. त्यात त्याचा काय दोष?

आमच्याकडे अजून बावीस गुंठे आहेत. मुलगा म्हणतो, आता देऊन टाकू. त्याचंही चूक नाही; मजूर मिळत नाही आणि दर चांगला आहे. मी एवढंच म्हटलं, की आधी उघाडीपर्यंतचा जुना नाला मोकळा करून बघू, दोन पावसाळे जाऊ दे. दिवाळीनंतर गाळ काढायला यंत्र भाड्यानं आणायचं ठरलं आहे. नाला कुठून काढायचा हे चालवणाऱ्याला दाखवायला मी बांधावर उभा राहणार आहे, आणि नातूही येतो म्हणाला आहे.