घरात सापडलेलं जुनं रिव्हॉल्व्हर: इतिहास कसा शोधायचा, किंमत कशी ठरते?

कोलाड-रोहा भागातलं एखादं जुनं घर. माळा साफ करताना फडक्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर हाती लागलं, तर पहिला प्रश्न ठरलेला: हे कितीला जाईल? पण थांबा. फोटो ऑनलाइन टाकण्याआधी त्याचे कागद शोधा. आपल्याकडे जुन्या हत्याराची किंमत लोखंडापेक्षा कागदावर जास्त ठरते.

आधी कागद

परवान्यावर ‘कुलाबा जिल्हा’ दिसलं तर गोंधळू नका, १९८१ पर्यंत रायगडचं नाव तेच होतं. मुरुडकडचा कागद जंजिरा संस्थानाचाही असू शकतो. हे संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं. कागदावर १८७८ च्या कायद्याचा उल्लेख असेल, तर तो बहुधा १ ऑक्टोबर १९६२ च्या आधीचा, कारण त्या दिवशी सध्याचा (१९५९ चा) शस्त्र कायदा लागू झाला.

परवानाधारक वारले असतील किंवा परवाना संपला असेल, तर कलम २१ नुसार हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. ते पिशवीत घालून एसटीने नेऊ नका. पोलीस ठाण्यात कळवा, ते सांगतील तसं करा. नंतर वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. परवान्याशिवाय ठेवलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षांची शिक्षा आहे. ‘आजोबांची आठवण’ ही सबब चालत नाही.

खुणा काय सांगतात?

हत्यार भरलेलं आहे असंच धरून चाला आणि ते जाणकारानेच रिकामं करावं. मग तिरप्या उजेडात मोबाइलने खुणांचे फोटो काढा. वेब्लीची रिव्हॉल्व्हरं बर्मिंगहॅमची. वेब्ली मार्क ६ ब्रिटिश सैन्यात १९१५ मध्ये आलं, बोअर .४५५. एनफिल्ड नंबर २ हे १९३० च्या दशकातलं, बोअर .३८. बाणाच्या टोकासारखी खूण म्हणजे सरकारी मालमत्ता. असे दोन बाण टोकाला टोक लावून असतील, तर माल सरकारी सेवेतून काढून विकला गेलेला. खासगी खरेदीच्या हत्यारावर कधीकधी दुकानाचं नावही कोरलेलं असतं, उदाहरणार्थ आर्मी अँड नेव्ही. त्या दुकानाची मुंबईतली इमारत काळा घोडा भागात आजही उभी आहे.

सगळ्यात मोलाचा असतो अनुक्रमांक. सॉन्डर्स वधात (१७ डिसेंबर १९२८) आपल्या खेडच्या राजगुरूंनी आणि भगतसिंगांनी गोळ्या झाडल्या. भगतसिंगांचं .३२ कोल्ट पिस्तूल पुढे अनेक वर्षं इंदूरच्या सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहालयात कुणी न ओळखता पडून होतं. २०१६ मध्ये त्यावरचा रंग खरवडल्यावर दिसलेला १६८८९६ हा क्रमांक खटल्याच्या कागदपत्रांशी जुळला. एका आकड्याने इतिहास सिद्ध झाला! म्हणूनच नंबरावर पॉलिश पेपर चालवू नका. नंबर खोडणं कलम ८ नुसार बेकायदा आहे, आणि मूळ फिनिश गेलं की संग्राहकही पाठ फिरवतो.

कोल्ट किंवा स्मिथ अँड वेसन असेल, तर नंबर कळवून फी भरली की मूळ विक्रीची नोंद सांगणारं पत्र अमेरिकेतून मागवता येतं.

मग किंमत?

अमेरिकेतल्या लिलावाचे आकडे इथे लावणं म्हणजे निव्वळ स्वप्नरंजन. आपल्याकडे विकत घेणाऱ्याकडेही परवाना लागतो. .३८ आणि .४५५ ची लष्करी काडतुसं चालणारी रिव्हॉल्व्हरं ‘प्रतिबंधित बोअर’मध्ये येतात, त्यांचा परवाना केंद्र सरकारकडून, आणि तो दुर्मिळच. म्हणजे पहिल्या महायुद्धातलं देखणं वेब्ली इतिहासाने श्रीमंत, पण गिऱ्हाईक जवळजवळ नाही. उलट .३२ चं विलायती रिव्हॉल्व्हर दिसायला साधं असलं तरी घेणारे जास्त, कारण त्याचा परवाना जिल्हाधिकारी देतात.

जुनाट बनावटीचं किंवा मोडकं, दुरुस्त करूनही उडणार नाही असं हत्यार कलम ४५ नुसार कायद्याबाहेर येतं. मात्र ‘उडणार नाही’ हे स्वतः ठरवू नका. तपासणी करून घ्या आणि निकाल लेखी मागा.

मूल्यांकन दोन परवानाधारक विक्रेत्यांकडून लेखी घ्या. त्यात मेक, बोअर, अनुक्रमांक आणि मूळ फिनिश किती उरलंय हे नमूद असू द्या. अनुक्रमांकाचा फोटो मात्र फेसबुक ग्रुपवर टाकू नका.