डोयात काच

मी पहिल्यांदा कॉन्टॅक्ट लेन्स लावल्या तेव्हा भुसावळची आजी घाबरून म्हणाली, "डोयात काच घालतो का रे?" मी हसलो. नंतर एका शनिवारी वाचत बसलो तेव्हा कळलं, आजीचं चुकलं नव्हतं. तिची माहिती तेवढी जुनी होती.

आमचं गाव रेल्वेचं, त्यामुळे इथे डोळ्यांना फार किंमत. असिस्टंट लोको पायलटच्या मेडिकलला चष्म्याशिवाय ६/६ दिसावं लागतं, लेझर ऑपरेशन केलेलंही चालत नाही. साहजिकच चष्मा आणि लेन्स यांवर नाक्यावर चर्चा भरपूर, आणि अफवाही.

तर मंडळी, १८८८ साली आडोल्फ फिक या जर्मन डॉक्टरने झुरिकमध्ये खरोखरच काचेच्या लेन्स केल्या. आधी सशांच्या डोळ्यांवर, मग स्वतःच्या. डोळ्याचा पांढरा भागही झाकणारी ती जाड काच जेमतेम दोन तास सहन व्हायची. १९४८ साली अमेरिकेत केविन टुओहीने फक्त बुबुळावर बसणारी प्लॅस्टिकची लेन्स काढली. ती कडकच होती. खाली धुळीचा कण गेला की जीव नकोसा!

मऊ लेन्सची गोष्ट मला सगळ्यात आवडते. प्रागमध्ये ओट्टो विख्टरले या रसायनशास्त्रज्ञाने १९६१ च्या नाताळात मुलांच्या मेकॅनो-छाप खेळण्याचे भाग आणि सायकलचा डायनॅमो जोडून घरीच यंत्र बनवलं, आणि त्यावर मऊ लेन्स ओतल्या. याला म्हणतात प्रोटोटाइप! अमेरिकेत त्या विकायला १९७१ मध्ये परवानगी मिळाली.

काच गेली, भीती राहिली. "उन्हात लेन्स वितळते" म्हणे. भुसावळच्या ४५ डिग्रीतही वितळत नाही, फक्त कोरडी पडते. १९६७ साली बाल्टिमोरच्या एका वेल्डरची लेन्स डोळ्याला चिकटल्याची अफवा जगभर फिरली. चौकशीत निघालं की त्याने ती फार तास घातली होती. "मागे मेंदूत जाते" हेही खोटं. पापणीच्या आतला पडदा मागून बंद असतो, लेन्स जाणार कुठे?

खरा धोका वेगळाच, आणि त्याला कोणी घाबरत नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत घरी मिठाच्या गोळ्या विरघळवून केलेल्या पाण्यात लेन्स ठेवणाऱ्यांच्या बुबुळाला अकँथअमीबाचा संसर्ग झाला. हा जीव नळाच्या पाण्यातही असतो. दृष्टी जाऊ शकते.

मी हे सगळं वाचलं ते उशिराच. त्याआधी पुण्याहून येताना रात्रभर लेन्स घालून झोपलो, आणि सकाळी बाटलीतल्या पाण्याने धुऊन पुन्हा लावल्या. डोळा टोमॅटोसारखा लाल! महिनाभर ड्रॉप्स आणि चष्मा. थोडक्यात वाचलो, असं डॉक्टर म्हणाले.

असो. लेन्स जरूर वापरा. पण पाणी लावू नका, घालून झोपू नका, आणि डोळा दुखला की आधी काढा. चष्मा बॅगेत असू द्या. आजी अजून त्याला काचच म्हणते. म्हणू द्या.