तिसऱ्या वर्गाचा डबा

भिक्षुकी करणारे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये दक्षिणा मिळेल या आशेने पेणजवळच्या वरसईहून उत्तरेकडे निघाले. त्यांचा प्रवास बहुतांशी पायीच झाला. त्याआधी चार वर्षे, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली होती. पण घाट चढायला तिला अजून अवकाश होता. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला आणि १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता हा सलग रेल्वेप्रवास शक्य झाला.

गव्हर्नर जनरल डलहौसीने १८५३ मध्ये रेल्वेची जी योजना मांडली, तिचा भर फौजेची हालचाल आणि कापसासारख्या मालाची ने-आण यांवर होता. गरीब माणूस तिकिटाला पैसे मोजेल का, निरनिराळ्या जातींचे लोक एका बाकावर बसतील का, अशी शंकाही इंग्रजांत होती. ती लवकरच फिटली. यात्रेकरू, मजूर, लग्नाची वऱ्हाडे, कोर्टाच्या तारखेला निघालेले पक्षकार असे सगळे तिसऱ्या वर्गात दाटीवाटीने बसू लागले. प्रवाशांपासून मिळणाऱ्या उत्पन्नाचा मोठा वाटा याच वर्गाचा होता, आणि सोयींच्या हिशेबात तो सर्वांत शेवटी होता.

जातवार डबे रेल्वेने दिले नाहीत. एका बाकावर शेजारी कोण येईल हे तिकीटखिडकीलाही ठाऊक नसे. फलाटावर मात्र ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ वेगळे राहिले. गाडीत खांद्याला खांदा लागला तरी चालेल, पण तांब्या वेगळा हवा, ही तडजोड अनेक दशके टिकली. युरोपियनांसाठी राखीव डबे होते. त्यांत जागा रिकामी असली तरी बाहेरच्या गर्दीला तिचा उपयोग नसे.

मोठ्या यात्रांच्या वेळी हाल वाढत. डबे अपुरे पडले की माणसांना मालडब्यांत कोंबले जाई. बाके लाकडी, खिडक्या लहान. खालच्या वर्गात शौचालय नसल्याने गाडी स्टेशनात थांबण्याची वाट पाहावी लागे. वरच्या वर्गांना ही सोय आधी मिळाली. तिसऱ्या वर्गापर्यंत ती पोचायला विसावे शतक उजाडले.

महात्मा गांधींनी १९१७ मध्ये मुंबई-मद्रास प्रवासाचा अनुभव लिहिला. बावीस जणांसाठीच्या डब्यात रेल्वेचे नोकर आणखी माणसे ढकलत होते, संडास साफ होत नव्हते. पहिल्या वर्गाचे भाडे पाचपटीहून अधिक. पण तिसऱ्या वर्गाला त्या सुखसोयींचा दहावा हिस्सा तरी मिळतो का, असा त्यांचा सवाल होता. तक्रारीपेक्षा हा हिशेबच अधिक बोचरा आहे.

पुढेही पैसा आणि कल्पकता वरच्या वर्गांकडेच वळत राहिली. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या डेक्कन क्वीनला फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. पुणे-मुंबईच्या या लाडक्या गाडीत तिसऱ्या वर्गाला शिरकाव मिळाला तो १९५५ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्यानंतरही आठ वर्षांनी. त्याच वर्षी वर्गांची नावे बदलली: दुसऱ्याचा पहिला झाला, दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधल्या ‘इंटर’चा दुसरा. तिसरा तिसराच राहिला.

१९७४ मध्ये तिसरा वर्ग रद्द होऊन त्याचे प्रवासी दुसऱ्या वर्गाचे ठरले. पाटी बदलली, फळ्या त्याच राहिल्या. खरा फरक केला तो राजापूरचे खासदार मधू दंडवते यांनी. १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाल्यावर त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयान डब्यांतल्या लाकडी फळ्यांवर दोन इंच जाडीची फोमची गादी बसवण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षी २६ डिसेंबरला मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली. लांब पल्ल्याच्या या जलद गाडीत वरचा वर्गच नव्हता. गादी हळूहळू देशभरच्या शयनयान डब्यांत पोचली. आरक्षणाशिवाय निघणाऱ्याच्या वाट्याला मात्र जनरलचा डबा राहिला, आणि तिथली गर्दी पुढेही हटली नाही.