‘बॉयकॉट’ आणि बहिष्कार

इंग्रजी-मराठी शब्दकोशात ‘बॉयकॉट’ या शब्दापुढे ‘बहिष्कार’ हा प्रतिशब्द असतो. विद्यार्थी तो पाठ करतात आणि आम्ही शिक्षकही तो बिनदिक्कत फळ्यावर लिहितो. परंतु या दोन शब्दांची कुळे वेगळी आहेत, असे माझे मत आहे. ती तपासली नाहीत तर आपल्या चळवळीचा एक महत्त्वाचा प्रश्न धूसर होतो.

‘बॉयकॉट’ हे मुळात एका माणसाचे आडनाव. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. १८७९ मध्ये तेथे मायकेल डेव्हिट याच्या पुढाकाराने लँड लीग स्थापन झाली. पुढच्या वर्षी कुळांनी खंडात पंचवीस टक्के सूट मागितली. मालक दहा टक्क्यांवर अडून बसला. १९ सप्टेंबर १८८० रोजी एनिस येथील सभेत पार्नेलने सांगितले, की हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याला जुन्या काळच्या महारोग्यासारखा एकटा पाडा. तीनच दिवसांनी बॉयकॉटने कुळांवर नोटिसा बजावण्याचा प्रयत्न केला आणि तोच या अस्त्राचे लक्ष्य झाला. गडी-मोलकरणी काम सोडून गेल्या, दुकानदार माल देईनात. पीक काढायला बाहेरून सुमारे पन्नास माणसे आणावी लागली आणि त्यांच्या रक्षणासाठी सुमारे हजार सैनिक. पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च ते काढण्यावर झाला. १ डिसेंबरला बॉयकॉट आयर्लंड सोडून गेला. त्याचे नाव मात्र क्रियापद होऊन इंग्रजीत राहिले आणि तेथून फ्रेंच, जर्मन, रशियन भाषांतही गेले.

या शब्दाच्या जन्मातच एक गोष्ट आहे. कुळांजवळ जमीन नव्हती, सत्ता नव्हती. होते ते फक्त श्रम. ते काढून घेताच मालक लुळा पडला. म्हणजे ‘बॉयकॉट’ खालून वर जातो.

आपल्याकडचा बहिष्कार याच्या नेमका उलट्या दिशेने चालत आला. तो शास्त्री-पंडितांच्या आणि जातपंचायतींच्या हातातला दंड. १९०५ च्या वंगभंगानंतर टिळकांच्या चतुःसूत्रीत बहिष्कार हा शब्द विलायती मालासाठी आला आणि त्याला राष्ट्रीय तेज चढले. पण त्याच काळात गावकुसाबाहेरची माणसे त्याच शब्दाखाली चिरडली जात होती. पार्नेलला महारोग्याची उपमा शोधावी लागली. येथे उपमेची गरजच नव्हती. बाबासाहेबांनी १९२४ मध्ये ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ आणि १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ ही नावे निवडली, ती या जळत्या अर्थाने.

मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीत बाबासाहेब सदस्य होते. गावात बहिष्कार कशावरून पडतो, हे त्या समितीने १९३० च्या अहवालात नोंदवले आहे: सार्वजनिक विहिरीवर पाणी भरले, जमीन विकत घेतली, चांगले कपडे किंवा दागिने घातले, नवरदेव घोड्यावर बसवला. मग मजुरी बंद, दुकान बंद, वाट बंद. येथे जमीन, दुकान आणि विहीर ज्यांच्या हाती, तेच बहिष्कार घालतात. त्याला ‘बॉयकॉट’ म्हणणे म्हणजे उपासमारीला उपोषण म्हणण्यासारखे आहे.

हा भेद अमेरिकेतल्या काळ्या बांधवांनाही जाणवला होता. माँटगोमेरीत १९५५-५६ मध्ये ३८१ दिवस त्यांनी शहरातील बसमध्ये पाऊल ठेवले नाही. पण गोऱ्यांच्या ‘सिटिझन्स कौन्सिल’ हेच अस्त्र काळ्यांवर चालवीत होत्या. म्हणून मार्टिन ल्यूथर किंग यांना ‘बॉयकॉट’ या शब्दाविषयी विचार पडला. अन्यायी व्यवस्थेशी असलेले सहकार्य आपण काढून घेत आहोत, अशी मांडणी त्यांनी केली.

बाबासाहेबांनी हा प्रश्न शब्दावर सोडला नाही. गोलमेज परिषदेपुढे ठेवलेल्या मागण्यांत, ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याच्या धर्तीवर, सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा असे त्यांनी मांडले. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्येही ती मागणी आहे. अॅट्रॉसिटी कायद्यात सामाजिक व आर्थिक बहिष्काराचा स्पष्ट उल्लेख यायला मात्र २०१५ ची दुरुस्ती व्हावी लागली. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी स्वतंत्र कायदा २०१६ चा. तो अमलात आला २०१७ मध्ये. मागणी आणि कायदा यांच्यामध्ये पाऊणशेहून अधिक वर्षे गेली.

म्हणून कार्यकर्त्यांना माझे सांगणे एवढेच आहे. मेलेली ढोरे ओढणार नाही, असे महारांनी ठरवले तेव्हा त्यांनी आपले श्रम काढून घेतले. त्यावर गावाने त्यांचे धान्य आणि पाणी तोडले. या दोन्ही कृतींना ‘परस्पर बहिष्कार’ म्हणून एकाच तराजूत घालणारी बातमी वाचली, की कोणी कोणाचे काय बंद केले हे आधी विचारा. तक्रार अर्ज लिहितानाही मोघम शब्द वापरू नका. कोणत्या दिवशी, कोणी, काय तोडले, ते लिहा.