डबस्टेप
इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा एक प्रकार. २००० च्या सुमारास दक्षिण लंडनच्या क्रॉयडन भागात यूके गराज संगीतातून तो घडला. गती मिनिटाला सुमारे १४० ठोके. पण स्नेअर ड्रमचा आघात चारांपैकी तिसऱ्या ठोक्यावरच पडत असल्याने चाल निम्मी, संथ भासते. खोल खर्ज कानांपेक्षा छातीत जाणवतो; मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून या संगीताविषयी मत बनवणे अन्यायाचेच आहे. २०१० पासून अमेरिकेच्या स्क्रिलेक्सने गुरगुरता, कर्कश बेस पुढे आणला. जुन्या रसिकांनी या शैलीला ‘ब्रोस्टेप’ म्हणून वेगळे काढले. गती साधारण तीच, त्यामुळे नुसते ठोके मोजून प्रकार ठरत नाही. डिजिटल मिस्टिक्झ या जोडीच्या रचनांतली मोकळी जागा आणि जमैकन डब संगीताचा वारसा हे अधिक खरे निकष होत. बरिअलच्या ‘अनट्रू’ (२००७) या अल्बमचा ताल मात्र गराजसारखा तुटक आहे, तरी त्याची गणना डबस्टेपमध्येच होते.