बालाघाटाच्या माळावरील दूधसंस्था

दूधव्यवसायातील सहकाराचा इतिहास गुजरातेतील खेडा जिल्ह्यापासून सांगण्याचा प्रघात आहे, व तो यथायोग्यच आहे. त्रिभुवनदास पटेल प्रभृतींच्या प्रयत्नाने १४ डिसेंबर १९४६ रोजी तेथील संघाची नोंदणी झाली. त्या दिवशी बीडजवळील आपली पाली निजामाच्या राज्यात होती, हे मात्र वाचकांनी ध्यानी घ्यावे. मुक्तीस सप्टेंबर १९४८ उजाडला. पुढे कोल्हापूरचा जिल्हा संघ १९६३ साली उभा राहिला, देशव्यापी 'दूधमहापूर' योजना १९७० साली निघाली. आपल्या माळावर ती गंगा पोहोचली ती उशिरा आणि क्षीण होऊन.

हा दोष केवळ राजवटीचा नव्हे. मराठवाड्यात गाय पाळली जाई ती मुख्यतः बैलांकरिता. शेजारच्या भूम भागात दूध आटवून खवा करीत. नासणारा माल टिकविण्याची ती जुनी युक्ती. संस्थेस मात्र दूध दोन्ही वेळा आणि बारमाही हवे, भावही स्निग्धांश पाहून. जिरायत गावाने वैशाखात हिरवी वैरण आणावी कोठून? १९७२ च्या दुष्काळात जनावरे मातीमोलाने गेली. २०१९ साली जिल्ह्यातील चारा छावण्यांत जनावरांपाठोपाठ माणसांनीही मुक्काम केला.

दुसरे संकट कोयत्याचे. दसरा-दिवाळी सरली की बिऱ्हाडे ऊसतोडीस निघतात. शाळेचा हजेरीपट त्या दिवसांत कसा ओस पडतो, हे आम्ही पुष्कळ वर्षे पाहिले. दूधसंस्थेच्या वहीचीही तीच गत. म्हैस घरच्या म्हाताऱ्यांवर सोडावी तर धार कोण काढणार? विकावी तर उन्हाळ्यात पुन्हा घ्यावयास पैसा कोठला?

स्त्रियांची गोष्ट निराळीच. शेण, वैरण, पाणी, धार ही सारी कामे बहुधा त्यांच्याकडे; सभासदत्व व दर दहा दिवसांचा दुधाचा पगार मात्र घरधन्याच्या नावे. कायद्याने त्यांस कधी मज्जाव केला नव्हता, केला तो रिवाजाने. २०११ च्या ९७ व्या घटनादुरुस्तीने सहकारी संस्थांच्या संचालक मंडळांत स्त्रियांकरिता दोन जागा राखण्याची तरतूद केली. जागा भरल्या खऱ्या. परंतु आमच्या पाहण्यात असे आले आहे की, पुष्कळदा सभेचे इतिवृत्त संचालिकाबाईंच्या घरी पाठविले जाते, आणि त्या गोठ्यातून हात धुऊन येऊन त्यावर सही करतात.